डबा शोधता शोधता भूगोल

गावच्या शाळेतली सहावी-सातवीची मुले भर दुपारी मोबाईल हातात धरून माळाकडे निघालेली दिसली, की पारावरचे कुणीतरी विचारणारच, "काय गुरुजी, आज शाळा लवकर सुटली वाटतं?" मुले डबा शोधायला चालली आहेत असे गुरुजींनी सांगितले, तर हसेच व्हायचे. पण आईबापांनी हसण्याआधी हा प्रकार काय आहे तो समजून घ्यावा. पोराला आपण शाळेत शिकायला घालतो, खेळायला नव्हे, ही तक्रार खरी. पण या खेळात शिकणे बरेच आहे.

याला म्हणतात जिओकॅशिंग. जिओ म्हणजे पृथ्वी आणि कॅश म्हणजे दडवून ठेवलेली वस्तू. नोटांच्या कॅशशी याचा काही संबंध नाही, नाहीतर काही मंडळी आत्ताच कुदळ-फावडे शोधायला उठतील!

खेळ मूळचा अमेरिकेतला. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संदेश पकडून आपण कोठे उभे आहोत ते सांगणारी यंत्रे तिकडे लोकांकडे आधीपासून होती. पण सामान्य लोकांसाठीच्या संदेशात तिथले सरकार मुद्दाम खोट मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर चुके. मे २००० च्या आरंभी ती खोट काढून टाकली गेली. लगेच ३ मे रोजी ऑरेगॉन राज्यातल्या डेव्ह उल्मर या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली. तीत वही, पेन्सिल, पुस्तके, एक गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा डबासुद्धा होता! जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इतरांना कळवले. सापडेल त्याने वहीत नोंद करावी, एक वस्तू घ्यावी, एक ठेवावी, एवढाच नियम. तीन दिवसांत दोघांनी बादली हुडकून काढली. पुढे हा नाद जगभर पसरला, शिक्षकांनी तो शाळेत आणला, आणि अमेरिकेतल्या स्काउट संघटनेने २०१० साली त्यासाठी वेगळे गुणचिन्हच सुरू केले.

आता आपल्याकडे पाहू. अक्षांश म्हणजे काय, रेखांश म्हणजे काय, हे आपली मुले घडाघडा म्हणतात. पण "तुझ्या शाळेचा अक्षांश किती?" असे विचारा, गप्प बसतील. पुस्तकातला आकडा पायाखालच्या जमिनीला कधी लागलेलाच नसतो. आणि या आकड्यांशी आपला संबंध आता परीक्षेपुरता उरलेला नाही. २०२१ साली राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून पिकाचा फोटो शेतात उभे राहून काढावा लागतो, आणि त्याबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. ते आकडे घरात कुणाला वाचता येतात? बहुधा कुणालाच नाही. सहावीतल्या पोरीला ते आले, तर बापाच्या खांद्यावरून डोकावून ती विचारील तरी, की बाबा, हे आपलेच शेत आहे ना?

खेळ मांडायला खर्च नाही. झाकणाचे चार-पाच डबे आणि चार मुलांमागे एक मोबाईल. गुरुजींनी आदल्या दिवशी डबे ठेवून जागांचे आकडे टिपून आणायचे. उदाहरणापुरते समजा, १८.५२०४१ उत्तर आणि ७४.१०२६३ पूर्व. महाराष्ट्रात कुठेही उभे राहा, पहिला आकडा १५ ते २२ च्या आसपासचा आणि दुसरा ७२ ते ८० च्या घरातला येतो. मुलांनी हे दोन आकडे उलटसुलट घातले, तर मोबाईल त्यांना थेट नॉर्वेच्या उत्तरेला, अस्वल बेटाजवळच्या समुद्रात नेऊन उभे करील. एकदा तसे झाले, की अक्षांश कोणता आणि रेखांश कोणता हे जन्मात विसरणार नाहीत.

दशांश अपूर्णांकही इथेच उमगतात. अक्षांशातला दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक एकाने बदलला, तर जागा सुमारे एकशे अकरा मीटर सरकते, चौथा बदलला तर अकरा मीटर, आणि पाचवा बदलला तर जेमतेम एक मीटर. हे फळ्यावर सांगू नये, पोरांना चालून पाहू द्यावे. डब्यात चिठ्ठी ठेवावी: या चिंचेच्या बुंध्याचा घेर सुतळीने मोजा, इथली माती भिजवून तिची वळी होते का पाहा, देवळाच्या पायऱ्यांना तीनने गुणा, तेच पुढच्या डब्याच्या अक्षांशाचे शेवटचे दोन अंक. गुणाकार चुकला, की डबा चुकला. छडीची गरज नाही.

मात्र मोबाईल डब्यापर्यंत बोट धरून नेत नाही. मोकळ्या आभाळाखाली त्याची चूक पाचेक मीटरची असते, दाट झाडीत किंवा भिंतीलगत आणखी वाढते. शेवटची दहा पावले डोळ्यांनीच शोधायची. तिथे वर्गात मागे बसणारे, शेरडामागे हिंडणारे पोर पुढे निघाले तर मला नवल वाटणार नाही.

ही पाच मीटरची गोष्ट आईबापांनीही ध्यानात धरावी. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे दहा-दहा मीटर. ज्या यंत्राची चूकच अर्ध्या गुंठ्याच्या रुंदीएवढी, ते बांध कुणी कोरला हे काय सांगणार? तरीही मोबाईल दाखवून भावकीत हमरीतुमरी होतेच. शाळेच्या झेंड्याच्या खांबाजवळ उभे राहून मुलांनी दर पाच मिनिटांनी आकडा टिपला, तर खांब जागचा हलत नाही पण आकडा हलतो, हे त्यांना वहीत दिसेल. घरी वाद निघाला तर तेच पोर सांगेल, की आप्पा, याने हद्द ठरत नाही, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज द्या.

काळजीच्या गोष्टी थोड्या आहेत, पण टाळू नयेत. विहीर, शेततळे, विजेची डीपी यांच्याजवळ डबा नको. दगडाच्या कपारीत, बिळापाशी नको. हात घालावा लागेल अशी जागाच निवडू नये. पुरून ठेवू नये, खाऊ घालू नये, मुंग्या आणि कुत्री आधी पोहोचतात. ज्याचे रान त्याला विचारावे, आणि उभ्या पिकातून वाट काढू नये. बेवारस डबा पाहून कुणी घाबरू नये म्हणून वर शाळेचे नाव ठळक लिहावे, पोलीस पाटलांच्या कानावर आधी घालावे, आणि संध्याकाळी सगळे डबे मोजून परत आणावेत.