मस्टरवर नाव, तरच हक्काचा गाव!



गिरणीचा कायदा तुम्हाला नव्याने सांगायला नको. माणूस पहाटेपासून दाराशी उभा असो, साच्यावर त्याचा हात कितीही बसलेला असो, मस्टरवर नाव नसेल तर पगार नाही! जॉबर सरळ विचारी, "तू कोण?" मतदारयादी हे लोकशाहीचे मस्टर आहे. तिथे ज्याचे नाव नाही, त्याला पुढारी तोच प्रश्न विचारतो.

आता वसई तालुक्यात या. वालीव, सातिवली, गोखिवरे, नालासोपारा, विरार. गिरणगाव उठल्यावर आपली किती बिऱ्हाडे इकडे आली! त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या गिरणीवाल्याला विचारा, "काका, तुमचं मत कुठं?" एक म्हणेल लालबागला, दुसरा म्हणेल गावी, साताऱ्याला. अहो, पाण्याची रांग इथे, घरपट्टी इथे, नातवाची शाळा इथे, आणि मत तेवढे शंभर कोसांवर? हे म्हणजे राबायचे एका गिरणीत आणि हजेरी लावायची दुसरीत!

मताची किंमत आपल्या वर्गाला कोणी शिकवावी, अशी आपली परंपरा नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. त्या लढ्यात १०६ माणसे हुतात्मा झाली आणि त्यांत कामगार होते. तरीही १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक आपल्या डोक्यावर बसवलेच. मग मराठी माणसाने काय केले? १९५७ च्या निवडणुकीत हिशेब चुकता केला. गिरणगावाने कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत धाडले, दादरने आचार्य अत्र्यांना विधानसभेत. आपल्या ठाणे जिल्ह्यातून शामराव परुळेकर निवडून आले; ज्या वारल्यांनी १९४५ साली वेठीविरुद्ध मान वर काढली, त्यांचा हा माणूस. गिरणीचा कामगार आणि जंगलातला वारली एकाच बाजूला उभे राहिले. तीन वर्षांत, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र झाला. रक्ताने मागणी पवित्र केली, मताने ती पदरात पाडली.

आणि जे गेले, तेही मोजणीतच गेले. शिरगणतीत कोणाची भाषा काय लिहिली, यावर तालुके तोलले गेले. बेळगाव-कारवार तिकडे राहिले. ठाणे जिल्ह्यातलाच उंबरगाव तालुका १९६० साली गुजरातकडे गेला. मोजणीच्या वेळी जो गप्प बसतो, त्याच्या नावावर दुसराच बोलतो, हा धडा डहाणूपलीकडची हद्द आपल्याला रोज देते आहे.

तर या वसईत राहतो कोण? १५३४ पासून इथे पोर्तुगिजांचा अंमल होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. दोनशे वर्षांत कित्येकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण आईची बोली सोडली नाही. कुपारी घरात आजही कादोडी बोलतात. वाडवळांची वाडवळी, आगऱ्यांची आगरी, कोळ्यांची कोळी, डोंगराकडेच्या पाड्यांवर वारली. हीच आमची मराठी! चर्चमध्ये जाणारा मराठी नव्हे, असे कोणी म्हणेल तर त्याला वसई दाखवा. इथल्या 'सुवार्ता' मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. केळीच्या बागा आणि पानवेली वाचवायला 'हरित वसई'च्या चळवळीत उतरलेही तेच.

या जुन्या थरावर नवा थर चढला तो आपला. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे भोंगे थांबले, चिमण्या पडल्या, गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. परळची खोली विकून माणूस लोकलच्या रुळाने उत्तरेला निघाला आणि जिथे परवडले तिथे उतरला. कोकणचा उतरला, घाटावरचा उतरला. मागाहून उत्तर प्रदेश, बिहार, गुजरातचाही उतरला. २००१ च्या जनगणनेत वसई तालुका आठ लाखांच्या आत होता. २०११ ला तो तेरा लाखांवर गेला. दहा वर्षांत पाच लाख माणूस! त्या मानाने पाणी वाढले का? दवाखाने वाढले का? वाढले ते बिल्डरांचे फलक.

या खिचडी वस्तीचे मत कोणाच्या खिशात आहे, असे पुष्कळांना वाटत आले. इतिहास निराळे सांगतो.

१९९० साली हितेंद्र ठाकूर काँग्रेसतर्फे वसईतून निवडून आले आणि त्यानंतर सलग १९ वर्षे, पक्ष सोडूनही, आमदार राहिले. "वसई आता कायमची बांधली," असे लोक म्हणू लागले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका केली. गावे बिथरली. आमची शेती, आमची विहीर, आमची ग्रामसभा आम्हाला न विचारता कशी नेता? लगेच ऑक्टोबरात निवडणूक आली आणि आदिवासी वेठबिगारांत काम केलेले विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून निवडून आले. बांधलेली वसई एका फटक्यात सुटली! २०११ साली सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, पण तो वर्षानुवर्षे कोर्टात लोंबकळला. २०१४ साली ठाकूर परतले, २०१९ लाही टिकले. २०२४ साली भाजपच्या स्नेहा दुबे पंडित यांनी त्यांचा पराभव केला, तोही तीन हजारांच्या किंचित वर मतांनी. मतदार किती? साडेतीन लाखांच्या आसपास. शेजारच्या नालासोपाऱ्यात क्षितिज ठाकूर २००९ पासून तीनदा जिंकले आणि त्याच वर्षी ३६ हजारांवर मतांनी पडले.

लोकसभेची कथा आणखी गंमतीची. २००८ च्या फेररचनेपर्यंत वसईकर दिल्लीसाठी उत्तर मुंबईत मत टाकी. पाच वेळा राम नाईक, २००४ ला सिनेमातला गोविंदा. वसईच्या वाट्याला काय, तर विरार लोकलच्या गर्दीची आश्वासने. नंतर आदिवासींसाठी राखीव असा पालघर मतदारसंघ झाला. २००९ ला बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव, २०१४ ला भाजपचे चिंतामण वनगा. २०१८ च्या पोटनिवडणुकीत राजेंद्र गावित भाजपकडून, २०१९ ला तेच गावित शिवसेनेकडून! २०२४ ला भाजपचे हेमंत सवरा. पक्षांनी माणसे बदलली, माणसांनी पक्ष बदलले. मतदाराने मात्र आपला प्रश्न बदलला नाही : जमीन, पाणी, लोकल.

तीन हजारांचा हिशेब पुन्हा मनात घ्या. नालासोपारा-विरारच्या काही चाळींत तेवढी माणसे सहज मिळतील. ज्यांची नावे परळच्या यादीत पिवळी पडत आहेत, ती वसई तालुक्याच्या यादीत आली तर इथला एकही पुढारी आपल्याला ओलांडून जाऊ शकणार नाही.

कोणी म्हणेल, "काय उपयोग? परप्रांतीय वाढले, मराठी माणूस संपला." हे रडगाणे मालकाला फार आवडते. वालीवच्या गाळ्यात बारा तास उभा राहणारा बिहारचा पोरगा तुमचा शत्रू नाही. त्याला आणि तुमच्या पोराला एकाच कंत्राटदाराने बांधले आहे. त्याच्याशी भांडण नको. पण राज्याच्या भाषेचा हक्कही सोडायचा नाही. १९६४ च्या कायद्याने मराठी ही या राज्याची राजभाषा आहे. महापालिकेची नोटीस, पोलिसांचा जबाब, कंत्राटी कामगाराचा करार हे सारे आम्हाला कळेल अशा मराठीत पाहिजे. त्या पोराने मराठी शिकावी आणि आपण त्याला शिकवावी. मग तोही आपल्याच मोर्चात चालेल.

दुसरी शंका खरी आहे. "मुंबईचं नाव काढलं तर गिरणी कामगाराच्या घराचा हक्क जाईल." शेलू-वांगणीची घरे नकोत, मुंबईतच द्या, म्हणून ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानात आपण जमलो, तेव्हा ही भीती समजण्यासारखी आहे. पण घराची पात्रता ठरते गिरणीतल्या नोकरीच्या पुराव्यावर, मतदारयादीतल्या पत्त्यावर नव्हे. नोकरीचा दाखला, भविष्यनिर्वाह निधीचा कागद जिवापाड जपा. नाव मात्र राहत्या जागी आणा.

कायदाही तेच सांगतो. जिथे तुम्ही नेहमी राहता तिथेच नाव, आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. पत्ता बदलायला नमुना ८ भरा, नवीन नावाला नमुना ६. महापालिकेची यादीही याच यादीतून निघते. महापालिकेची मुदत २०२० साली संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे इथे प्रशासकाने कारभार हाकला, नगरसेवक नावालाही नव्हता. ते दिवस पाहिल्यावर तरी मताची गोडी कळावी.

सूर्या धरणाचे पाणी डहाणू-पालघरच्या शेताला म्हणून बांधले. त्यातला मोठा वाटा आज आमच्या नळाला येतो. ज्या वारली शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी आपण पितो, त्याचे देणे आपल्यावर आहे. १९५७ साली तो आपल्या खांद्याला खांदा लावून उभा होता. आता आपली पाळी आहे. त्याचे पाणी आणि आपले पाणी, दोन्ही एकाच जाहीरनाम्यात मागा. पुढाऱ्याला दोघांना झुंजवू देऊ नका.

या रविवारी सभा झाल्यावर घरी जाऊन एवढे करा. यादी काढा, चाळीतल्या प्रत्येक दारावर जा, नाव नसेल त्याचा अर्ज स्वतःच्या हाताने भरून द्या. म्हातारीचा भरा, सुनेचा भरा, अठरा पुरी झालेल्या नातवाचा भरा.

महाराष्ट्र मिळवला तो मोजून घेतलेल्या मतांनी. तो आपल्या नळापर्यंत, आपल्या गाळ्यापर्यंत आणायचा असेल तर पुन्हा मोजून घ्या. मस्टरवर नाव घाला, हजेरी लावा आणि मग पगार मागा!

जय महाराष्ट्र!