ताटं घासताना गातात ते गाणं

आमच्या आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहामागे पाण्याची टाकी आहे. रात्रीचं जेवण झालं की मुली तिथं ताटं घासायला बसतात आणि गातात. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. राखेचा हात ताटावर फिरतो, त्याच ठेक्यात गाणं फिरतं. माझी चाहूल लागली की सगळ्या गप्प. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात मी अकरा वर्षं शिकवते आहे. त्यांचं एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायला मला त्यातली सहा वर्षं लागली, तेही अंधारात उभं राहून.

त्या सहा वर्षांत मी काय करत होते? दर डिसेंबरात समूहगान स्पर्धेची तयारी करून घेत होते. पेटीवर काळी चारचा सा धरायचा आणि तिथं सगळ्यांचे गळे चढवायचे. नववीतली एक मुलगी होती, आवाज जाड आणि खालचा. मी तिला रोज म्हणायची, "वर घे, अजून वर घे." जमेना, तेव्हा तिला मागच्या रांगेत टाळ्या वाजवायला उभं केलं. टाकीपाशी ओळ टाकणारी तीच होती, हे मला नंतर कळलं. एकदा तिनं विचारलं, "मॅडम, आमचा पाटा स्पर्धेत चालते का?" पाटा म्हणजे गोंडीत गाणं. मी म्हटलं, नियमात बसत नाही. नियम मी वाचलेच नव्हते. त्यात 'देशभक्तिपर गीत किंवा लोकगीत' असं स्वच्छ छापलेलं होतं.

ही गोष्ट आज लिहावीशी वाटली ती अमेरिकेतल्या काही मुलामुलींमुळे. नॅशव्हिलचं फिस्क विद्यापीठ गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी १८६६मध्ये सुरू झालं आणि पाच वर्षांत पैशाअभावी बंद पडायच्या बेताला आलं. तेव्हा जॉर्ज व्हाइट या शिक्षकानं नऊ गाणारी मुलंमुली निवडली आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी निधी गोळा करायला दौऱ्यावर काढली. बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले. सर्वांत धाकटी मिनी टेट १४ वर्षांची, म्हणजे आमच्या आठवी-नववीतली. सुरुवातीला ही मंडळी गोऱ्या श्रोत्यांच्या ओळखीची गाणी म्हणत आणि झोळी जवळजवळ रिकामीच राही. आईबापांनी मळ्यांत म्हटलेली गाणी त्यांना येत होती, पण ती चारचौघांत म्हणायची नाहीत असंच त्यांच्या मनात होतं. गुलामीची आठवण, देवाची आळवणी, घरातलं दुःख. ते लोकांपुढे कसं मांडायचं? नोव्हेंबरात ओहायोतल्या ओबर्लिन गावी पाद्र्यांच्या एका परिषदेत त्यांनी ती म्हटली आणि सभागृह थरारून गेलं. पुढे याच गाण्यांच्या कमाईतून फिस्कची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. त्यांच्यात नंतर सामील झालेला फ्रेडरिक लाउडिन पुढे आपलं पथक घेऊन जगभर फिरला. भारतातही आला आणि ताजमहालात गायला.

कुणी म्हणेल, पेटी नको, सूर नको, मग शिकवायचं तरी काय? माझं म्हणणं तसं नाही. व्हाइटनं त्या मुलांना अगदी हळू आवाजात एकजीव गायला शिकवलं होतं, आणि एला शेपर्ड ही त्यांच्यातलीच मुलगी पियानो सांभाळायची. ते गाणं कसून घडवलेलं होतं. फक्त ते घडलं घरच्या गाण्यावर. आम्ही मात्र मुलांच्या घरचं गाणं शाळेच्या फाटकाबाहेर ठेवायला लावतो आणि मग म्हणतो, पोरांना सुराची जाण नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो, मुलींचाही जडावतो. त्या वयात काळी चारचा हट्ट धरला की मूल गाणंच सोडतं. मी अशी मुलं पाहिली आहेत, एकदोन नव्हेत.

आणि हे आपण कुठे करतो आहोत? कचारगडच्या पायथ्याशी! दरेकसा स्टेशनपासून जवळच असलेल्या त्या गुहेत माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड समाज लोटतो. गोंडी कथेत या गुहेत कली कंकालीची मुलं कोंडलेली होती. हिरासुका पाटालीर या वादकानं बाहेर किंगरी हे तंतुवाद्य वाजवलं, त्या नादानं आतल्या मुलांना बळ चढलं आणि सगळ्यांनी मिळून शिळा लोटली. वाजवणारा त्याच शिळेखाली गेला. ज्यांची कथाच गाण्यानं मुलांना मोकळं करते, त्यांच्या मुलींना मी टाळ्या वाजवायला उभं करत होते.

उशीरही होत चालला आहे. २०११च्या जनगणनेत देशभरात २९ लाखांहून अधिक लोकांनी गोंडी मातृभाषा सांगितली. आमच्या वर्गात मात्र अनेकींना रेला हे गोंडी नाचगाणं येतं, पण त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ येत नाही. तो आजीला विचारावा लागतो.

माझी मागणी लहान आहे. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा प्रकल्पस्तरावर दरवर्षी होतात, त्यांना मैदान मिळतं, गणवेश मिळतो. तशीच मातृभाषेतल्या समूहगीताची स्पर्धा आमच्या देवरी आदिवासी विकास प्रकल्पानं सुरू करावी, पेटीची सक्ती नसलेली. आणि गावातल्या जाणत्या गायिकेला आठवड्यातून एकदा शाळेत बोलवावं, रोख मानधन देऊन. नुसत्या शाल-श्रीफळावर तिची बोळवण नको, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते.

गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे गुरुवारी एक आजी येतात, तूर्त आम्ही शिक्षकच वर्गणी काढतो. मुलींना कमरेत हात गुंफून दोन रांगांत उभं करतात. कुणाचा सूर हलला तरी त्या सुराबद्दल बोलत नाहीत. "पाय पाय वं बाई," म्हणतात, पायांकडे बघ. मुलगी खाली बघते, पाऊल रांगेशी जुळवते, आणि दोन ओळींत तिचा आवाज बाकीच्यांत येऊन बसतो. परवा मी पण रांगेत उभी राहिले. माझं पाऊल अजून चुकतं.