आधी बोलली गेली म्हणून आई होत नाही

खितान लोकांची भाषा कोणती, असा विषय निघाला की हमखास एक उत्तर येतं. "जुनी मंगोल, दुसरं काय!" उत्तर देणाऱ्याला वाटतं विषय संपला. माझ्या मते घोटाळा तिथेच सुरू होतो.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: दहाव्या शतकात या भटक्या लोकांनी मंगोलिया-मंचुरियाच्या पट्ट्यात लिआओ साम्राज्य उभं केलं. ११२५ मध्ये जुर्चेन लोकांनी ते बुडवलं. रशियन माणूस चीनला आजही 'किताय' म्हणतो, ते यांच्याच नावावरून. एक सोडून दोन लिप्या केल्या पठ्ठ्यांनी! ९२० मध्ये मोठी, नंतर पाचेक वर्षांत छोटी. दोन्ही अजून पुरत्या वाचता येत नाहीत.

आता 'जुनी मंगोल'वाल्यांचा पुरावा बघू. खितान पाच म्हणजे 'ताउ', मंगोल 'ताबुन'. खितान ससा 'ताउलिआ', मंगोल 'ताउलाइ'. साम्य ढळढळीत आहे, नातं आहेच. कोण नाही म्हणतंय? पण नातं कोणतं, ते सांगा ना!

त्या 'ताबुन'मधला 'ब' पाहा. तेराव्या शतकातल्या मंगोलमध्ये तो शाबूत आहे. तिच्याआधीच्या खितानमध्ये मात्र तो गळून गेलेला. आईने मोडून खाल्लेले दागिने लेकीच्या अंगावर कुठून येणार? म्हणजे खितान ही मंगोलची आई नव्हे. दोघींची आई तिसरीच, त्यांच्याही आधीची. फिनलंडचे भाषाशास्त्रज्ञ युहा यानहुनेन अशा भाषांना 'पॅरा-मंगोलिक' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर भाऊबंदकीतल्या, पण वेगळ्या घरच्या.

लिआओंच्या चिनी इतिहासात एक सण नोंदलाय. आठव्या महिन्याच्या आठव्या दिवशी पांढरा कुत्रा मारून तंबूपुढे सात पावलांवर पुरायचा, तोंड तेवढं उघडं ठेवायचं. या सणाचं नाव 'न्येहे नाइ', म्हणजे कुत्र्याचं डोकं. त्यातला 'न्येहे' मंगोल 'नोखाइ'चा भाऊ शोभतो. पण 'नाइ'? मंगोलमध्ये डोक्याला 'तोलगोइ' म्हणतात. दोन शब्दांच्या एका नावात जवळीकही आहे आणि अंतरही.

"एवढा काथ्याकूट कशाला? नाव काहीही द्या," असं कुणी म्हणेल. पण नावावर वाचन ठरतं हो! खितान म्हणजे मंगोलच असं एकदा धरलं, की न कळलेल्या चिन्हात मंगोल शब्द बसवायचा, आणि तो बसला म्हणून भाषा मंगोल ठरवायची. स्वतःच लिहिलेल्या दाखल्यावर स्वतःच सही!

चुकीचं लेबल किती टिकतं बघा. ११३४ चा एक शिलालेख कित्येक वर्षं जुर्चेन लिपीतला म्हणूनच ओळखला जात होता. १९२२ मध्ये लिआओ सम्राटांच्या थडग्यांतले लेख सापडले, तेव्हा कुठे कळलं की लिपी खितान आहे.

ही भाषा बोलणारं आज कुणी उरलेलं नाही. आपली बाजू मांडायला ती येणार नाही. निदान तिला दुसऱ्या कुणाची आई ठरवून गप्प तरी बसवू नका. 'ताउ'ला 'ताउ' म्हणा, आणि 'नाइ'चा अर्थ तिच्याच कागदांत शोधा.