केमोनंतरचा तिसरा दिवस कुणाच्या भरवशावर?

सातारा, कराड, मिरजेत आता केमोथेरपी डे-केअरमध्ये होते. सकाळी सलाइन लागतं आणि संध्याकाळी रुग्ण एसटीने किंवा पाहुण्यांच्या गाडीने माण, पाटण नाहीतर जतला घरी पोचतो. त्या दिवशी अनेकांना फारसं काही होत नाही, कारण केमोच्या आधीच मळमळ रोखणारी इंजेक्शनं दिलेली असतात. त्रास सुरू होतो दुसऱ्या ते पाचव्या दिवसात. तेव्हा रुग्ण घरी असतो आणि हाताशी असते फक्त गोळ्यांची पिशवी.

केमोच्या औषधांमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि उलटीचा निरोप मेंदूपर्यंत जातो. पहिल्या २४ तासांतली उलटी मुख्यतः यामुळे होते. ऑन्डान्सेट्रॉन हा निरोप अडवतं. पुढच्या दिवसांत ‘सब्स्टन्स पी’ नावाचं दुसरं रसायन जास्त काम करतं. त्याच्यासाठी ॲप्रेपिटंट असतं, जोडीला डेक्सामेथासोन आणि ओलान्झापिन. त्यामुळे उलटी थांबत नसेल तर तीच गोळी पुन्हा पुन्हा देण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना फोन करा, दुसऱ्या गटातलं औषध लागू शकतं.

ठरवून दिलेली गोळी बरं वाटत असलं तरी वेळेवर घ्यायची असते. ‘उलटी झाली तर घेऊ’ हा हिशोब इथे चालत नाही. विहिरीवरची मोटर जळाल्यावर बेअरिंगला ग्रीस लावून काय उपयोग? शिवाय पहिल्या केमोत खूप उलट्या झाल्या, तर पुढच्या वेळी हॉस्पिटलचा जिना दिसला तरी पोटात ढवळायला लागतं. ही तिसऱ्या प्रकारची मळमळ औषधांना सहज दाद देत नाही.

ओलान्झापिनची एक वेगळीच अडचण आहे. ही गोळी मानसिक आजारातही देतात. घरातलं कुणीतरी मोबाइलवर नाव शोधतं, घाबरतं आणि गोळी बंद करतं. त्यात ती घेतली की माणूस दिवसभर झोपून राहतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न तपासला. तीव्र उलट्या होणारी केमो घेणाऱ्या अडीचशेहून अधिक रुग्णांमध्ये त्यांनी १० मिलिग्रॅमची तुलना २.५ मिलिग्रॅमशी केली. छोट्या डोसने उलटी तितकीच आटोक्यात राहिली आणि दिवसाची झोप बरीच कमी झाली. हा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त आला. म्हणजे गुंगी येत असेल तर गोळी परस्पर बंद करू नका, ‘डोस कमी होईल का?’ एवढं विचारा.

बाकीची औषधंही गुण दाखवतात. ऑन्डान्सेट्रॉनने पोट साफ होत नाही, पण घरचे म्हणतात, ‘खात नाही म्हणून.’ डेक्सामेथासोनने झोप उडते आणि साखर वाढते. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर तपासायलाच हवी. (भेटायला येणाऱ्यांनी कंदी पेढ्यांचा बॉक्स आणू नये, हेही इथेच सांगून टाकतो.)

खाण्याचं म्हणाल तर बऱ्याचदा चवीपेक्षा वास नको होतो. फोडणी चालू असताना रुग्णाला स्वयंपाकघरापासून लांब बसवा. गरम भाजीपेक्षा कोमट पेज किंवा गार दहीभात पोटात टिकतो. ताटभर देण्यापेक्षा दर दोन तासांनी चार घास द्या.

त्रास कुणाला जास्त होणार, याचा अंदाज आधी येतो. गाडी लागणारे, डोहाळ्यांत खूप उलट्या झालेल्या बायका, कमी वयाचे रुग्ण यांना धोका अधिक. ‘खंबाटकीत गाडी लागते का?’ हा प्रश्न केमोच्या आधी विचारायला अर्धा मिनिट लागतो. कुणी विचारला नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

माझं म्हणणं हॉस्पिटलांना आहे. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं इंग्रजीत आणि वेळा ‘१-०-१’ अशा आकड्यांत लिहून भागत नाही. महात्मा फुले योजनेतून केमो मोफत होते, मग एक मराठी कागद महाग का पडावा? पहिल्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत कोणती गोळी, कधी, कशासाठी ते त्यावर हवं. रात्री उचलला जाईल असा फोन नंबर हवा. आणि ठळक अक्षरांत हे हवं: २४ तास पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, किंवा ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला असेल तर सकाळची वाट पाहू नका. तापावर परस्पर पॅरासिटामॉल देऊन तो झाकू नका, लगेच फोन करून निघा.