विश्लेषण : मल्टिमीटर घेताना किमतीआधी ‘कॅट’ का पाहावी?

ओझर : मिग विमानांसाठी १९६४ मध्ये उभारलेल्या इथल्या एचएएल कारखान्यातून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘तेजस मार्क १ ए’ने पहिले उड्डाण केले. विमानाच्या कामात मोजमापाची उपकरणे ठरावीक मुदतीने तपासून घ्यावीच लागतात. कारखान्याच्या भिंतीबाहेर, निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांत मोटार दुरुस्त करणाऱ्या वायरमनच्या पिशवीत मात्र अनेकदा दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मीटर असतो. तो आकडा बहुधा बरोबरच दाखवतो. मग अडचण कुठे?

‘कॅट’ म्हणजे काय?

वीज कडाडली किंवा मोठी मोटार बंद झाली, की लाइनमध्ये क्षणभर हजारो व्होल्टची उसळी येऊ शकते. तेव्हा मीटर हातात फुटू नये, यासाठी आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकात श्रेणी ठरवल्या आहेत. घरातल्या प्लगवर चालणारी उपकरणे कॅट २ मध्ये येतात. वितरण पेटी, थ्री फेज मोटार आणि स्टार्टर कॅट ३ मध्ये. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि वीज मीटरची जागा कॅट ४ मध्ये.

तिन्ही मीटरवर ६०० व्होल्ट लिहिलेले असले, तरी कॅट २ ची चाचणी ४,००० व्होल्टच्या उसळीवर होते, कॅट ३ ची ६,००० आणि कॅट ४ ची ८,००० व्होल्टवर. म्हणून ४१५ व्होल्टच्या शेतपंपासाठी किमान कॅट ३, ६०० व्होल्ट हवा. खांबाजवळ काम असेल तर कॅट ४.

फ्यूज कोणता?

अँपिअर मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या खाचेतच राहिली आणि ती तशीच दोन फेजवर लावली, तर थेट शॉर्ट सर्किट होते. ‘डीटी ८३० डी’ प्रकारच्या स्वस्त मीटरवर या खाचेशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असे छापलेलेच असते, म्हणजे मध्ये फ्यूजच नाही. काचेचा २५० व्होल्टचा फ्यूज असला, तरी ४१५ व्होल्टवर तो ठिणगी तोडेलच असे नाही. त्यासाठी वाळू भरलेला, ६०० किंवा १,००० व्होल्टचा सिरॅमिक एचआरसी फ्यूज लागतो.

आणखी काय पाहाल?

● प्रोबवरही तीच श्रेणी हवी. मीटर कॅट ३ आणि प्रोब कॅट २ असेल, तर संरक्षण कॅट २ चेच.
● ‘कॅट’ हा शब्द कोणीही छापू शकतो. यूएल, टीयूव्हीसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेची खूण शोधा.
● व्हीएफडी किंवा इन्व्हर्टरवर काम असेल, तर ‘ट्रू आरएमएस’ मीटर घ्या.
● सौर पंपासाठी मीटरची डीसी मर्यादा पॅनेलच्या एकूण व्होल्टेजपेक्षा जास्त हवी.

खर्च कोणाचा?

स्वस्त मीटर घेणारा वायरमन निष्काळजी असतो असे नाही. रोजंदारीतून हत्यार घेताना किंमतच आधी दिसते. चांगला मीटर काही हजारांत येतो आणि तो शोधायला लांबही जावे लागत नाही. मल्टिमीटर बनवणारी ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी नाशिकचीच आहे. ज्याच्या कामासाठी माणूस लाइनला हात लावतो, त्या ठेकेदाराने किंवा बागायतदाराने या खर्चाचा वाटा उचलायला हवा. आयटीआयमध्येही मीटर वाचायला शिकवण्याआधी तो निवडायला शिकवावे.

चांगला मीटर असला तरी एक सवय सोडू नका. आधी चालू लाइनवर मीटर तपासा, मग बंद केलेली लाइन मोजा, पुन्हा चालू लाइनवर खात्री करा. कारण प्रोबची वायर आतून तुटलेली असेल, तरी मीटर शून्यच दाखवतो, आणि त्या शून्यावर विसंबूनच माणूस तारेला हात लावतो.