आधी चोर ओळखा, मग काठी उचला



तुमसर तालुक्यात बपेऱ्याकडे धानाच्या बांधीत फिरताना धुऱ्यावर ताज्या मातीचे ढीग दिसतात. शाळेत शिकणारा पोरगा सांगतो, हे मोलचे काम. इंग्रजी पुस्तकातल्या चित्रात असाच ढीग असतो, त्यातून एक आंधळा, केसाळ प्राणी डोके काढतो. कोणी म्हणतो, मोल म्हणजे आपली चिचुंद्री. झाले! संध्याकाळी चिचुंद्री दिसली की तिच्यावर काठी पडते. मातीचे ढीग मात्र दुसऱ्या दिवशी दुप्पट.

खरी गोष्ट अशी की मोल नावाचा प्राणी विदर्भात नाही, साऱ्या महाराष्ट्रातही नाही. भारतात तो सापडतो तो दार्जिलिंग, सिक्कीम, आसाम, नागालँडकडच्या ओल्या डोंगरात. तिथेही तो गांडुळे आणि किडे खातो, धान्याला तोंड लावत नाही. आपली चिचुंद्री दिसायला त्याच्यासारखी, पण तीही मुख्यतः किडेच खाते. म्हणजे ज्याने चोरी केली नाही त्याला आपण फाशी देतो आणि चोर धुऱ्यात बसून लोंब्या मोजतो.

हा चोर कोण? बांधीत तो घुशीच्या जातीचा उंदीर आहे. इंग्रजीत त्याला मोलच्याच नावाने ओळखतात, सारा घोटाळा तिथूनच. त्याला ओल लागते, म्हणून तो धुऱ्यात, कालव्याच्या काठाला बीळ करतो आणि तोंडाशी भुसभुशीत माती लोटून ते बुजवतो. लोंबी भरली की ती तोडून बिळात साठवतो. धुरा जितका रुंद आणि गवताळ, तितका त्याचा वाडा मोठा. उन्हाळी धान घेतले तर त्याला दोन्ही हंगाम जेवण.

कापूस-ज्वारीवाले म्हणतील, हे धानवाल्यांचे दुखणे, आमचे काय? आपल्या कोरडवाहू वावरात चोर वेगळा, चोरी तीच. काळी जमीन भेगाळली की मऊ केसांचा रानउंदीर त्या भेगांतच संसार थाटतो. हलक्या, भुरभुरीत जमिनीत लांब, झुबकेदार शेपटीचा उंदीर राहतो. पावसाळ्यात भेगा मिटतात, बिळात पाणी शिरते, तेव्हा हे सारे उंच धुऱ्यावर गोळा होतात. पेरलेली सरकी उकरतात. ज्वारीच्या कणसात दाणा भरला की वावरात परततात आणि त्याच दिवसांत त्यांची वीण जोर धरते. जेमतेम तीन आठवड्यांत नवी पिल्ले. हिरवे बोंड कुरतडून सरकी खातात ते वेगळेच.

म्हणजे उंदीर सर्वात कमी कधी असतात? उन्हाळ्यात, वावर रिकामे असते तेव्हा. आणि आपण जागे कधी होतो? कणीस अर्धे झाल्यावर! तेव्हा विषाचा दाणा तो कशाला खाईल? त्याच्यासमोर अख्खे वावर वाढलेले असते.

सरकारचे शहाणपणही आपल्यासारखेच उशिराचे. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळातून दख्खनचा शेतकरी उठतो न उठतो तोच १८७८-७९ मध्ये उंदरांची टोळधाड आली. पीक गेल्यावर इंग्रज सरकारने मेलेल्या उंदरांवर बक्षीस लावले. लाखोंनी उंदीर मारले गेले, पण कणसे परत आली नाहीत. आजही रोही-रानडुकराने पीक खाल्ले तर वनखात्याकडे अर्ज करायची सोय तरी आहे. उंदराने खाल्ले तर त्या अर्जात त्याचे नावच नाही. तेव्हा वाट पाहून भागणार नाही.

करायचे काय? एकट्याने काहीच नाही. माझ्या वावरात मारले तर शेजारच्या धुऱ्यावरून नवे येतात. शिवारातल्या सगळ्यांनी मिळून मे-जूनमध्ये, पेरणीच्या आधी, एक दिवस ठरवावा. संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उघडी दिसतील त्यांतच उंदीर आहे, औषध तिथेच. झिंक फॉस्फाईड वापरायचे तर आधी दोन-तीन दिवस तेल लावलेला साधा दाणा टाकून उंदराला चटक लावावी, मग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात विष मिसळावे. त्यातून वाचलेला उंदीर तो दाणा पुन्हा खात नाही, म्हणून पुढच्या वेळी ब्रोमॅडिओलोन. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. उघड्या हाताने कालवू नका, मुलाबाळांच्या आणि जनावरांच्या वाटेत टाकू नका, मेलेले उंदीर पुरून टाका. धुरे अरुंद आणि स्वच्छ ठेवा.

आणि एक गोष्ट फुकटची. धामण उंदीर खाते, घुबड आणि पिंगळा उंदीर खातात. धामणीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, पण कायद्याच्या धाकाने नव्हे, आपल्या फायद्यासाठी तिला जगू द्या. बिनपगारी राखणदाराला ठार करणारा आणि मग दुकानात विषाची पुडी मागणारा मालक जगात शेतकऱ्याशिवाय दुसरा सापडायचा नाही.

कापसाला भाव काय मिळावा यासाठी आपण रस्त्यावर येतो, ते यायलाच हवे. पण भाव मिळतो तो घरात आलेल्या मालाला. बिळात गेलेल्या दाण्याला कोणताच बाजार भाव देत नाही. जिल्हा बैठकीतून घरी जाताना प्रत्येक गावाने आपल्या शिवाराचा दिवस ठरवूनच उठावे.