राजवाड्यांना किती गुण द्याल? (थ्रेड)

१८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतकालीन पत्रे होती. पुढे असे २२ खंड झाले. गावोगावची दप्तरे धुंडाळून केलेल्या या कामामागे ना विद्यापीठाचे पद होते, ना वेतन.

हेच काम आज बढतीच्या अर्जात मांडले तर?

अर्जातला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ घ्या. युजीन गारफिल्ड यांनी तो १९६० च्या दशकात घडवला, कोणती नियतकालिके निवडावीत हे ठरवण्यासाठी. मागील दोन वर्षांतील लेखांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढेच तो सांगतो. तेही नियतकालिकाविषयी, लेखकाविषयी नव्हे. व्यक्तीला तो लावण्याबाबत खुद्द गारफिल्ड यांनीच सावध केले होते. आणि मुदत दोन वर्षांची! राजवाड्यांचा पहिला खंड सव्वाशे वर्षांनंतरही अभ्यासकांना उघडावा लागतो.

म्हणून त्यांना डोळे झाकून शंभर गुण द्यावेत, असेही नाही. साधने जमवताना चिकाटीचे असलेले राजवाडे व्युत्पत्ती लावताना पुष्कळदा मोकाट सुटत, आणि जात्यभिमान त्यांच्या सिद्धान्तांत स्पष्ट डोकावतो. हा भेद ग्रंथ वाचल्यावरच कळतो. गुणपत्रक दोहोंची बेरीज करून मोकळे होते.

संशोधनाची पारख त्याच्या स्वतःच्या गुणवत्तेवर व्हावी, असे २०१२ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा सांगतो. माझी मागणी त्याहून साधी आहे: निवड समितीतील प्रत्येकाने अर्जदाराचे एक तरी लेखन मुळातून वाचावे आणि त्यावर सही करून पानभर मत द्यावे.